कॉलेजने सीनियर मेंटर दिलाय, पण त्याला नेमकं विचारायचं काय?

तू लिहिलंयस की वडश्याहून नागपूरला बीएस्सीला आलीस, कॉलेजने तिसऱ्या वर्षाचा एक दादा मेंटर म्हणून दिलाय, त्याचा नंबर मोबाइलमध्ये पडून आहे आणि काय विचारावं तेच सुचत नाही. वर लेक्चर इंग्रजीतून, वर्गात सगळे हिंदीतून बोलतात.

मी नागपुरातच तिसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा आमच्या कॉलेजात फर्स्ट इयरच्या काही मुलामुलींची मेंटर आहे, म्हणून आमची बाजू सांगते. आम्हाला सगळ्यात नकोसा प्रश्न म्हणजे "ताई, अभ्यास कसा करू?" याला काय सांगणार? मग आम्हीही 'रोज थोडं थोडं वाच' असलं काहीतरी गुळगुळीत ठोकून देतो. त्याच मुलीने "केमिस्ट्रीचा दुसरा युनिट कोणत्या पुस्तकातून केला?" असं विचारलं, तर मी उठून वही शोधते आणि पानांचे फोटो पाठवते. प्रश्न जितका बारीक, तितकं उत्तर कामाचं.

तेव्हा दादाला आजच टाक: "दादा, मी फर्स्ट इयर बीएस्सीची अमुक. मेंटरच्या यादीत माझं नाव तुमच्याकडे आहे. मागच्या हिवाळी परीक्षेचे पेपर आहेत का? आणि प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड किती दिवसांनी तपासून घ्यायचं?" बस. 'डिस्टर्ब करते, सॉरी' वगैरे लिहू नको.

रेकॉर्डचं मुद्दाम घातलं. पहिलं सेमिस्टर सणांतच निघून जातं. पावसाळ्यात कॉलेज सुरू होतं, मग पोळा, दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, गणपती, दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, दिवाळीला गाव. गावाहून परत आलं की परीक्षा तोंडावर. तेव्हा डिपार्टमेंटबाहेर एक रांग लागते: सगळे रेकॉर्ड पोटाशी धरून उभे, कोणी भिंतीला टेकवून आकृती काढतोय, कोणी दुसऱ्याचं रीडिंग उतरवतोय, आणि आतून सर ओरडतायत की एकाच दिवशी दहा प्रयोगांवर सही होणार नाही. सरांचं चुकत नाही. प्रयोग झाला की त्याच आठवड्यात सही घे. इंटर्नलचे मार्क हातात असतात, ते असे घालवू नको.

दुसरी गोष्ट पैशांची. ही कॉलेजच्या नोटीस बोर्डवर अर्धवटच कळते. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरशील, तर पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. आधार दोन-तीन बँकांत दिलं असेल, तर सगळ्यात शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथेच रक्कम पडते. माझ्याकडच्या एका मुलाने नागपुरात नवं खातं उघडलं, त्याचीच वाट पाहत बसला, आणि पैसे शाळेत असताना गावी उघडलेल्या जुन्या खात्यात जमा झाले होते. बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) आधार कोणत्या खात्याला आहे' एवढं विचारून घे. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर नाव आधी, यामुळेही एबीसी आयडी (ज्यावर तुझे कॉलेजचे क्रेडिट जमा होतात) काढताना गोंधळ होतो. स्पेलिंग तरी दोन्हीकडे एकच आहे का बघ.

आणि सरकारी होस्टेल मिळालं नसेल तर रूमचं भाडं घरून मागायच्या आधी या योजना विचार: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. कागदपत्रं, उत्पन्नाची अट, हजेरी, सगळं लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून येतो, म्हणजे तुला वडश्याला जावं लागू शकतं. दिवाळीत तिकडे ऑफिस बंद असतं, त्याआधीच काढून ठेव.

ओपन इलेक्टिव्हबद्दलही दादाला विचार. नवीन शैक्षणिक धोरणात हा विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो, आणि जवळजवळ सगळे मैत्रिणीने घेतला म्हणून घेतात. त्याऐवजी कोण शिकवतं, वर्ग खरंच होतो का आणि मार्क कशावर देतात, हे विचार. याची उत्तरं माहितीपत्रकात नसतात, सीनियरकडे असतात.

इंग्रजीचं आता. माझी एक ज्युनियर पहिल्याच महिन्यात म्हणाली, "ताई, मले काहीच समजून नाही राहिलं." बारावीत पुस्तक इंग्रजी होतं, पण सर समजावत मराठीत, हे तुझंही असंच असणार. वाईट वाटून घेऊ नको, पण नुसतं बसूही नको. उद्याच्या लेक्चरची चार पानं आज रात्री वाच, अडलेले शब्द लिही, आणि पुढच्या दोन बाकांवर बस. शंका लेक्चर संपल्यावर मराठीतच विचार, नागपूरचे बहुतेक सर-मॅडम मराठीतच उत्तर देतात. हिंदी येईल आपोआप, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दोन महिने खरेदी केली की येतेच बाप्पा.

एक सावध करते. मेंटर तुझ्याकडून स्वतःचं असाइनमेंट लिहून घेत असेल, पार्टीचे पैसे मागत असेल, रात्री-बेरात्री कुठे बोलावत असेल, तर ती 'सीनियरची मस्करी' नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 आहे, तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते. स्क्रीनशॉट ठेव, डिलीट करू नको.

बाकी बहुतेक दादा-ताई चांगलेच असतात, फक्त आळशी असतात. त्याने उत्तर दिलं नाही तर दोन दिवसांनी पुन्हा एक मेसेज टाक, परीक्षा किंवा क्रिकेट, काहीतरी चालू असेल. तरीही गप्पच राहिला तर मेंटरची यादी ज्या मॅडमकडे आहे त्यांना सांगून बदलून घे. आमच्याकडे दरवर्षी एक-दोघांचे असे बदल होतात, कोणाला राग येत नाही.