प्रोजेक्टर चौथीच्या हाती देताना

वर्गातली टॅबलेट, प्रोजेक्टर ही सगळी यंत्रं सांभाळायला एकदम मुलांच्या ताब्यात देऊ नका. आधी एकच काम द्या: टॅबलेट मोजून कपाटात ठेवायचे. प्रत्येकावर ठळक आकडा चिकटवा. एखादा कमी भरला की मुलंच ओरडतात, "बाई, १७ नंबर नाही!"

जोड्या लावा. दर २ आठवड्यांनी जोडीतला एकच बदला, म्हणजे जुना नव्याला शिकवतो आणि तुमचा घसा वाचतो. आणि हो, फक्त शहाणी मुलं निवडू नका. माझ्या वर्गातला सर्वांत चुळबुळ्या मुलगा प्रोजेक्टर सांभाळतो. बंद केल्यावर आतला पंखा थांबेपर्यंत तो मलाही प्लगजवळ फिरकू देत नाही. दिवा आधी थंड व्हावा लागतो, हे मी एक दिवा घालवून शिकले होते!

पासवर्ड आणि विजेचा प्लग मात्र तुमच्याकडेच. टॅबलेटची पाठ फुगलेली दिसली तर बॅटरी बिघडलेली असू शकते; तो चार्जिंगला न लावता तुम्हाला सांगायचं, एवढं पक्कं शिकवा. पडलं-फुटलं हे स्वतःहून सांगणाऱ्यावर चिडू नका, नाहीतर पुढचा तडकलेला टॅबलेट थेट कपाटाच्या तळाशी सापडेल.