वाचकांचे प्रश्न : खाण, गाव आणि मधला माणूस

प्रश्न : समाजकार्याचे शिक्षण घेतल्यावर एका खाणप्रकल्पात समुदाय-संपर्क अधिकारी म्हणून माझी निवड झाली आहे. खाणपट्ट्याच्या भोवती आदिवासी वस्त्या आहेत. मित्र म्हणतात की, ही कंपनीची भलामण करण्याची नोकरी आहे. त्यात तथ्य आहे का? रुजू होण्यापूर्वी मी काय पाहावे?

उत्तर : मित्रांचे म्हणणे पुष्कळ ठिकाणी खरे ठरलेले आहे, तेव्हा ते झटकून टाकू नका. मात्र नोकरी तशीच आहे की नाही, हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी आहे. गावकऱ्यांनी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीमुळे खाणीचा आराखडा आजवर कधी बदलला आहे काय, आणि बदलला असेल तर नेमका कुठे, हे आपण मुलाखत घेणाऱ्यांना विचारा. शाळेला दिलेली बाके, आरोग्य शिबिरे आणि क्रीडास्पर्धा यांची यादी वाचून दाखवली जाऊ लागली, तर तिथे आपल्याकडून कोणत्या कामाची अपेक्षा आहे, ते आपल्याला कळून चुकेल.

ही कसोटी मी का सांगतो, ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातील जुकान घळीच्या उदाहरणावरून लक्षात येईल. लोहखनिजासाठी मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने तिथले दोन शैलाश्रय, म्हणजे माणसांनी निवाऱ्यासाठी वापरलेल्या खडकातल्या कपारी, सुरुंग लावून उद्ध्वस्त केले. त्यांपैकी एकात मानवी वावराच्या सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपर्यंतच्या खुणा सापडल्या होत्या. ही भूमी पुटू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा या मूलनिवासी लोकांची. कंपनीचा त्यांच्याशी रीतसर करार होता, कंपनीत या समुदायांशी संबंध ठेवणारा विभाग होता, पुरातत्त्वज्ञ होते आणि बैठकाही होत होत्या; म्हणजे कागदावर काहीच कमी नव्हते. सुरुंग लावण्याची सरकारी परवानगी २०१३ मध्ये मिळाली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या उत्खननात त्या जागेचे खरे मोल उजेडात आले. मानवी केसांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची वेणी तिथे मिळाली आणि तिच्यातील जनुकांचे नाते आजच्या समुदायाशी जुळले. तरीही एकदा दिलेल्या परवानगीचा फेरविचार करण्याची सोय त्या वेळच्या कायद्यात नव्हती, आणि आपण होऊन थांबण्याची तसदी कंपनीने घेतली नाही.

पुढे संसदीय चौकशीत जे बाहेर आले, ते मला स्फोटाइतकेच गंभीर वाटते. खाणीच्या खड्ड्याचे चार पर्याय कंपनीने तपासले होते आणि त्यांपैकी तीन पर्यायांत हे शैलाश्रय वाचत होते. मात्र असे पर्याय आहेत, हे त्या लोकांना सांगितलेच गेले नव्हते. ज्याला एकच रस्ता दाखवला, त्याच्याशी ‘चर्चा केली’ असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? प्रकरण पेटल्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना पद सोडावे लागले. शैलाश्रय मात्र गेले ते गेलेच.

म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात आराखडा आखणाऱ्या अभियंत्यांशी ओळख करून घ्या आणि त्यांच्या बैठकीत आपल्याला खुर्ची आहे का, ते पाहा. पाणवठा, दफनभूमी, देवराई, गुरांची वाट यांविषयी गावात जे ऐकाल, ते नकाशावर नेमक्या जागी नोंदले गेले, तरच अभियंत्याला दिसते. अहवालातल्या ‘स्थानिकांच्या भावना’ या परिच्छेदात ते कायमचे पुरले जाते.

याची दुसरी बाजूही आहे. अलास्कातल्या रेड डॉग या जस्ताच्या खाणीची जमीन इनुपियात या मूलनिवासी लोकांच्या मालकीच्या नाना या महामंडळाची असून, १९८२ मधील करारानुसार खाण कंपनीला चालवायला दिलेली आहे. खाणीपासून बंदरापर्यंतचा रस्ता सुमारे ८४ किलोमीटरचा आहे. कॅरिबू हरणांचे कळप स्थलांतर करताना तो ओलांडू लागले की, खनिजाचे अवजड ट्रक थांबवले जातात. या बाबतीत सल्ला देणाऱ्या समितीत नोआटक आणि किवालिना या गावांतील जाणती शिकारी माणसे असतात. हरणांची वाट त्यांना ठाऊक असते आणि तिचा मान वाहतुकीच्या वेळापत्रकाला राखावा लागतो. तिथे सारे आलबेल आहे असे मुळीच नाही. नदीच्या प्रदूषणावरून किवालिनाच्या काही रहिवाशांना न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. पण गावाच्या शब्दाने ट्रक थांबतो, एवढे तरी तिथे घडते.

प्रश्न : आमच्या वस्तीत प्रकल्पाची माहिती देण्यासाठी बैठक झाली. चहापाण्याच्या आधी सर्वांच्या सह्या आणि अंगठे घेण्यात आले. आता तोच कागद आमची संमती म्हणून दाखवला जात आहे. असे करता येते का?

उत्तर : नाही. हजेरी ही हजेरीच असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००७ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या ३२व्या कलमानुसार जमिनीवर परिणाम करणाऱ्या प्रकल्पाला मान्यता देण्यापूर्वी, त्या समुदायाच्या स्वतःच्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत, त्याची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मिळवण्यासाठी शासनाने सल्लामसलत करायची असते. यातला ‘पूर्वी’ हा शब्द विसरू नका, कारण यंत्रे येऊन उभी राहिल्यावर विचारणे म्हणजे केवळ उपचार.

त्या कागदाची प्रत मागा आणि आधी त्याचा मथळा पाहा. सह्यांच्या पानावर कोणताच मथळा नसेल आणि संमतीचा मजकूर वेगळ्या पानावर टंकलिखित करून पुढे टाचलेला असेल, तर दोन्ही पानांवरचे क्रमांक, तारीख आणि शाई ताडून पाहा. मग आपल्या रीतीप्रमाणे पूर्ण सभा बोलावून, कशाची माहिती मिळाली, कशाची मिळाली नाही आणि संमती दिलेली नाही, असे आपल्या भाषेत लिहून ठराव करा आणि पोच घ्या. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट या अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर भरलेल्या बाराही ग्रामसभांनी नकार नोंदवला. संमती विचारायची, तर नकार ऐकण्याचीही तयारी हवी, हे बैठका भरवणाऱ्यांनाही सांगायला हरकत नाही.

प्रश्न : कंपनी आमच्या भागातील एका पुढाऱ्याशीच बोलते आणि मोबदलाही त्याच्याच हातून वाटला जातो. तरुण मंडळी नाराज आहेत. कंपनीने काय करायला हवे होते?

उत्तर : ज्यांच्याशी बोलणे सोयीचे, त्यांनाच प्रतिनिधी मानण्याची चूक या क्षेत्रात फार जुनी आहे. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावरील पांगुना या तांब्याच्या खाणीत १९७२ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या भागात जमिनीचा वारसा आईकडून चालतो. तिथल्या रोरोवाना गावी खाणीसाठी जमीन घेण्याला विरोध करत १९६९ मध्येच बायका पोलिसांसमोर उभ्या ठाकल्या होत्या. पैशाच्या वाटपावरून पुढच्या पिढीने जुन्या जमीनमालक संघटनेला आव्हान दिले, १९८८ च्या अखेरीस घातपात सुरू झाले, १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि बेट यादवीत लोटले गेले. तरुणांच्या नेत्यांपैकी एक जण त्याच खाणीत सर्वेक्षक म्हणून काम केलेला होता, म्हणजे नाराजी कंपनीच्या स्वतःच्या हजेरीपटावरच होती.

आपण कंपनीला लेखी कळवा की, यापुढे बायका, तरुण आणि वाटपातून वगळली गेलेली घरे हजर असतील अशाच सभेत बोलणी व्हावीत, आणि कोणाला किती मोबदला मिळाला याची यादी भर वस्तीत भिंतीवर लावावी. त्या पुढाऱ्यालाही सभेला बोलवा. त्याला वगळलेत, तर तेच भांडण उलट्या बाजूने सुरू होईल.