शरीरक्रियाशास्त्राला प्रवेश घेण्यापूर्वी

प्रवेशाचे दिवस जवळ आले की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. गेली कित्येक वर्षं हा विषय शिकवतो आहे, पण गैरसमज काही कमी होत नाहीत. म्हणून यंदा नेहमीचे सहा प्रश्न इथेच घेतो.

फिजिओलॉजी म्हणजेच फिजिओथेरपी ना? मावशी तसं म्हणाली.

नाही. फिजिओथेरपी हा उपचाराचा व्यवसाय आहे आणि फिजिओलॉजी, म्हणजे शरीरक्रियाशास्त्र, हे शरीर कसं चालतं याचं विज्ञान. अर्जावरचं नाव दोनदा वाचा.

मेडिकलची संधी हुकली. ही पदवी घेतली की मागच्या दाराने डॉक्टर होता येतं, असं ऐकलं. खरं का?

असं दार नाही. या पदवीवर रुग्णाला औषध लिहून देण्याचा हक्क मिळत नाही. काही देशांत विज्ञान पदवीधरांना वैद्यकीय शिक्षणासाठी वेगळा प्रवेश असतो, पण तिथेही परीक्षा, स्पर्धा आणि पुढची सगळी वर्षं आहेतच. ‘ऐकलं’ यावर तीन-चार वर्षं लावू नका, ज्या विद्यापीठात पुढे जायचं आहे त्याच्या प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

गणिताची भीती वाटते, पाठांतर मात्र उत्तम आहे. म्हणूनच हा विषय निवडतोय. बरोबर ना?

चूक. आणि ही चूक मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते.

एके काळी असं मानत की अन्नापासून यकृतात सतत नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते वापरून संपवतं. हे मत शेकडो वर्षं टिकलं. ते मोडायला इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यांच्या हाती जी शस्त्रं होती, त्यांतलं एक साधा गुणाकार होतं. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडतं याचा मुद्दाम कमी अंदाज धरायचा आणि त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणायचं. उत्तर अख्ख्या शरीरातल्या रक्ताहून जास्त येतं! एवढं रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने कुठून तयार होणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. हे छापून आलं 1628 मध्ये. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगी यांना सूक्ष्मदर्शकातून दिसल्या त्या 1661 मध्ये, हार्वे गेल्यानंतर. डोळ्यांना दिसायच्या 33 वर्षं आधी तो मार्ग आकड्यांनी दाखवला होता.

मूत्रपिंडाचं घ्या. निरोगी तरुण माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर द्रव गाळतात. दिवसाचे झाले 180 लिटर. लघवी होते साधारण दीड लिटर. उरलेलं कुठे गेलं, हा प्रश्न ज्याच्या मनात आपोआप उठतो त्याला मूत्रपिंड कळू लागतं. ज्याने ‘125’ नुसतं घोकलं, त्याला परीक्षेनंतर तेही आठवत नाही.

फार अवघड गणित नको. दर काढता यावा, आलेख वाचता यावा, लॉगॅरिदम समजावा, संख्याशास्त्राची ओळख असावी. भीती ही नालायकी नव्हे, सरावाने जाते. पण गणित टाळण्यासाठी येत असाल तर थांबा, विभागातल्या शिक्षकांना भेटा, पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांची वही मागून चाळा आणि मगच ठरवा.

बेडूक कापावा लागतो का?

सगळीकडे नाही. बरीच प्रात्यक्षिकं आता संगणकावर किंवा विद्यार्थ्यांनी एकमेकांचा रक्तदाब, नाडी, श्वास मोजून होतात. तुमच्या विभागाला विचारा.

‘सहा आठवड्यांत क्लिनिकल रिसर्च, नोकरीची हमी, आजच फी भरल्यास सूट’ अशी जाहिरात आली आहे. घेऊ का?

आज तर मुळीच नको. खरा अभ्यासक्रम उद्याही असतो. घाई विकणाऱ्याला असते. हमी कोण देतं आणि पाळली नाही तर पैसे परत मिळतात का, हे लेखी मागा. मागच्या तुकडीतल्या दोघांशी स्वतः बोला, जाहिरातवाल्यांनी निवडून दिलेल्या दोघांशी नव्हे. या क्षेत्रात नोकरी देणाऱ्या कुणाला तरी ते प्रमाणपत्र दाखवून विचारा की याला किंमत आहे का. उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे खिशातच ठेवा.

शेवटच्या वर्षाला आहे. पुढचं निकालानंतर बघू, असं घरचे म्हणतात. वाटा कोणत्या?

निकालानंतर उशीर झालेला असतो. रुग्णालयांत हृदय, फुप्फुसं, झोप, मेंदू आणि नसा यांच्या चाचण्या करणारे तज्ज्ञ लागतात, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी वेगळं प्रशिक्षण आणि अनेकदा नोंदणीही लागते. औषधांच्या चाचण्या, वैद्यकीय उपकरणं, खेळाडूंची क्षमता मोजणं, वैमानिकांच्या आणि अंतराळवीरांच्या शरीराचा अभ्यास, वैद्यकीय लेखन, अध्यापन हेही आहे. संशोधनात जायचं तर पीएचडी धरूनच चला.

यातलं काय जमेल हे मी इथून सांगू शकत नाही. प्रकल्पाच्या मार्गदर्शकांना या आठवड्यात भेटा आणि एखाद्या चाचणी विभागात किंवा प्रयोगशाळेत सुट्टीत काम करायला मिळेल का ते विचारा. शिफारसपत्र लिहायला तुमचं काम जवळून पाहिलेलं माणूस लागतं, आणि ते बघायला त्यांना काही महिने हवेत.