फार्मवरून आणलेली कोंबडी आजारी आहे हे वेळेत कसं ओळखायचं?

आर्वी तालुक्यातून (जि. वर्धा) आलेला प्रश्न: साहेब, लेयर फार्मवाल्यानं काढून टाकलेल्या बारा पांढऱ्या कोंबड्या खाटकाकडं चालल्या होत्या. पोरीच्या हट्टापायी घरी आणल्या. वीस दिवस बऱ्या होत्या. आता त्यातली एक दोन दिवसांपासून अंग फुलवून उभी हाये, खात नाही. मानमोडी तर नाही ना? मेडिकलवाल्यानं अँटिबायोटिक पावडर देली, ते पाण्यात टाकू का?

दादा, पावडर तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मानमोडी, म्हणजे राणीखेतची साथ, वाटत नाही. मानमोडी शिरली की एकीवर थांबत नाही. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून घरघरता श्वास, लुळे पाय, पिळवटलेली मान, असं काही ना काही दोन-चार दिवसांत आणखी कोंबड्यांत दिसू लागतं. तुमच्या बाकी अकरा जणी खाऊन-पिऊन फिरताहेत, म्हणजे दुखणं बहुधा त्या एकीच्याच पोटात आहे.

ही जात अंड्यासाठी घडवलेली आहे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी घालते आणि मधे खुडूक बसून विसावा घेते. फार्मची पांढरी कोंबडी तीनशेच्या वर घालते आणि खुडूक बसतच नाही. एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. खाद्यातून तेवढं मिळालं नाही तर ती ते आपल्या हाडांतून काढते. ७२ ते ८० आठवड्यांची झाली की फार्मवाला तिला काढतो, आणि तीच तुमच्या अंगणात येते. म्हणून अशा कोंबडीचं दुखणं शोधताना मी आधी अंड्याच्या वाटेकडं बघतो, साथीच्या रोगांचा विचार नंतर.

आता तिला उचला. संध्याकाळी, खुराड्यात गेल्यावर. अंधारात कोंबडी धडपड करत नाही. पहिला हात गळ्याखालच्या पिशवीवर ठेवा. दिवसभर चरलेल्या कोंबडीची ही पिशवी संध्याकाळी भरलेली असते आणि पहाटे रिकामी होते. कोंबडी दुखणं लपवते, कारण कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचतात. ती तुमच्यासमोर जमिनीवर चोच मारत राहील, खाल्ल्याचं सोंग करील, पण पिशवीला सोंग करता येत नाही. संध्याकाळी रिकामी असेल तर ती खात नाही. पहाटेही गच्च टणक असेल तर गवत-दोऱ्यांचा गोळा अडकलाय, आणि पाण्याच्या फुग्यासारखी डचमळत असून तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत अन्न आंबलंय. काही जण अशा वेळी कोंबडी उलटी धरून ओकवतात. तसं करू नका, पाणी श्वासनळीत जाऊन हातातच मरते.

दुसरा हात छातीच्या मधल्या हाडावर. दोन्ही बाजूंचं मांस उतरून ते विळ्याच्या पात्यासारखं लागलं, तर आजार दोन दिवसांचा नाही, दोन-तीन आठवड्यांचा आहे. फक्त तुम्हाला आत्ता दिसला. पांढरी कोंबडी मुळात सडपातळ, वजन दीड किलोच्या आसपास, म्हणून तिची तुलना गावरानाशी न करता तिच्या स्वतःशीच करायची. पिशवीत घालून काट्याला लावा आणि दर रविवारी वजन भिंतीवर कोळशानं लिहा. आठवड्यात शे-दीडशे ग्रॅम घटलं तर ते छोटं समजू नका.

तिसरा हात मागच्या द्वाराखाली, दोन पायांच्या मधे. इथं खरा निकाल लागतो. आत टणक गोल काही लागत असेल, कोंबडी बदकासारखी उभी राहून शेपटी वर-खाली करत कुंथत असेल, तर अंडं अडकलंय. घमेल्यात अंगाला सोसेल इतकं कोमट पाणी घेऊन पोट बुडेल अशी पंधरा-वीस मिनिटं बसवा, नीट कोरडी करा, द्वाराला गोडं तेल लावा आणि अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेवा. बऱ्याचदा काही तासांत अंडं पडतं. पोट दाबून ढकलू नका. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेनं नळी फाटते. दुसऱ्या सकाळपर्यंत पडलं नाही तर डॉक्टरांकडं न्या.

पण हाताला टणक काही न लागता पोट खाली लोंबतं, पाण्यानं भरल्यासारखं किंवा मळलेल्या कणकेसारखं लागत असेल, तर बलक नळीत जाण्याऐवजी पोटात सांडून तिथं सडतोय. सांगायला जड जातं, पण असल्या कोंबड्यांतल्या बऱ्याच याच दुखण्यानं जातात. डॉक्टर पाणी काढतील, अँटिबायोटिक देतील, थोडे दिवस बरं वाटेल. पुढच्या अंड्याला पुन्हा तेच होतं. तुमच्या पोरीला हे आधीच सांगून ठेवा. कोंबडी पाणीही पिईना, श्वास घ्यायला मान ताणू लागली, तर तिला शांतपणे सोडवा असं डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही.

मेडिकलवरच्या पावडरीबद्दल: डॉक्टरांनी नाव लिहून दिल्याशिवाय नको. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, औषध थांबल्यावरही काही दिवस ती अंडी घरात खायची नसतात, किती दिवस ते औषधावर ठरतं. कोलिस्टिन तर २०१९ पासून कोंबड्यांसाठी बंदच आहे. जुनं पाकीट कोणी दिलं तरी घेऊ नका.

आणि ज्यांना दुखणं म्हणू नये त्या गोष्टीही सांगतो, कारण यांच्यासाठी फोन जास्त येतात. पांढऱ्या कोंबडीचा मोठा तुरा एका बाजूला पडलेला असतो, तो जातीचाच गुण. पिंजऱ्यातून आल्यावर तुरा फिकट असतो, उन्हात फिरू लागली की महिना-दीड महिन्यात लाल होतो. आठ-दहा शीटांमागं एक तपकिरी, चिकट, घाण वासाची पडते, तीही ठीक. दिवाळीच्या सुमारास दिवस लहान झाले की पिसं झडतात आणि अंडी थांबतात. थांबू द्या, तिला तेवढीच विश्रांती.

भिवापूरहून (जि. नागपूर): कोंबड्या आणल्या त्याच दिवशी दोन मेल्या. पाणी ठेवलं होतं, दाणे टाकले होते. वर आमच्या गावरान कोंबड्याही आता शिंकताहेत.

पाणी ठेवलं होतं, पण त्यांना ते कळलं नसेल. पिंजऱ्यात पाणी निपलमधून येतं. या कोंबड्यांनी परातीतलं पाणी जन्मात पाहिलेलं नसतं. पहिल्या दिवशी एकेकीची चोच पाण्यात बुडवून दाखवावी लागते. चोचही फार्मवर कापलेली असते, त्यामुळं जमिनीवरचा ज्वारीचा दाणा उचलता येत नाही. खोल वाडग्यात लेयरचं भरड खाद्य ओलसर करून द्या. ज्वारी-तांदळाच्या कणीवर हळूहळू आणा, एकदम नाही. मे महिन्यात आणल्या असतील तर उन्हाचाही हात असेल. पारा पंचेचाळिशीला गेल्यावर दुपारी डालग्याखाली झाकलेली कोंबडी म्हणजे भट्टीत ठेवलेली कोंबडी. तिला मोकळी सावली, ओला बारदाना आणि माठातलं पाणी हवं.

शिंकण्याचं कारण मात्र तुम्ही आणलंय. फार्मच्या कोंबड्यांना लशी झालेल्या असतात, त्या वरून धडधाकट दिसतात आणि तरी जंतू बाळगून असू शकतात. गावरानांना लस झालेली नसते. नव्या कोंबड्या किमान तीस दिवस वेगळ्या, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायच्या होत्या. सकाळी आधी जुन्यांना चारा-पाणी, मग नव्यांना, उलट नाही. चप्पल वेगळी. गावरानांना मानमोडीच्या लशी द्या, पिल्लूपणी लासोटा आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी, दवाखान्यात चौकशी करा. आत्ता ज्यांचे डोळे सुजलेत, नाकातून घाण वास येतोय, त्या बाजूला काढा आणि डॉक्टरांना दाखवा. शिंका पाच-सहा रोगांत असतात, मी इथून नाव सांगणार नाही.

पाय गळालेल्या कोंबडीबद्दल (अचलपूर, जि. अमरावती): ही बहुतेक हाडं पोकळ झालेली पिंजऱ्यातली कोंबडी. कुशीवर पडते, डोळे मात्र चकचकीत, दिलं तर खाते. तिला भुश्यावर बसवा, खाणं-पाणी चोचीजवळ ठेवा, सकाळचं कोवळं ऊन द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. घरच्या अंड्यांची कवचं उकळून वाळवून कुटली तरी चालतात. एका भाऊंनी पानाचा चुना पाण्यात कालवून पाजला होता. तो तोंड आणि अन्ननळी भाजतो. नको.

वणी तालुक्यातून (जि. यवतमाळ): पेरणीच्या आठवड्यात चार कोंबड्या अचानक लोळल्या. गोचीड झाले म्हणून आदल्या दिवशी कपाशीचं औषध थोडं फवारलं होतं.

ताई, थोडं म्हणजे कोंबडीला पुष्कळ. कपाशीवरची बरीच कीटकनाशकं कातडीतून आणि पिसं साफ करताना चोचीतून आत जातात. लाळ, थरथर, लुळेपणा दिसला की तासाच्या आत डॉक्टरांकडं; यातल्या काही औषधांवर उतारा म्हणून ॲट्रोपिन असतं, ते तेच देतील. दुसरं बघायचं ते बियाणं. पेरून उरलेलं, औषधासोबत गुलाबी-लाल रंग लावलेलं सोयाबीन अंगणात सांडतं. थायरम हे बुरशीनाशक लावलेलं बी कोंबडीनं थोडं थोडं खाल्लं तर ती मरत नाही, पण अंडी बिनकवचाची, लिबलिबीत घालू लागते. लोक मग कॅल्शियम पाजत बसतात. रंग न लावलेलं कच्चं सोयाबीनही नको, ते पचत नाही.

गोचीड कोंबडीवर कमी आणि खुराड्याच्या फटींत जास्त राहतात, रात्री येऊन रक्त पितात, दिवसा दिसत नाहीत. बॅटरी घेऊन रात्री बघा. कोंबड्या बाहेर काढून, गवत-कडबा दूर करून बांबूच्या सांध्यांवरून जाळ फिरवा, फटी माती-चुन्यानं लिंपा. उवांसाठी चुलीची थंड राख आणि कोरडी माती मिसळून खड्डा करून द्या, कोंबडी स्वतःच अंघोळ करते.

आर्वीच्याच दादांचा पुढचा फोन: ती कोंबडी गेली. पोट फाडून बघू का?

घरी फाडू नका. एकच गेली असेल आणि कारण हवं असेल, तर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू मात्र नका, आणि त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवा. तिथून गरज पडली तर ते प्रयोगशाळेत पाठवतात. पण एका दिवसात तीन-चार गेल्या, तुरे निळे पडले, तोंड सुजलं, तर हात न लावता आधी दवाखान्याला कळवा, नाही तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. मानमोडी असो की बर्ड फ्लू, कळवणं २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. मेलेली पाखरं नाल्यात टाकू नका, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी पडू देऊ नका. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूनंच गेले. मांजराच्या जातीला हा रोग लागतो. तुमच्या घरी मांजर आहे, असं पोरगी फोनवर म्हणाली होती. खड्डा तीन-चार फूट खोल, विहिरीपासून लांब, वर चुना आणि मग माती, आणि त्यावर दोन मोठे दगड, म्हणजे रात्री कोल्हं उकरणार नाही.