पलटण सोडली, जबाबदारी कुणाची?

सीमेवर तणाव वाढला की या सदराकडे एकाच विषयाची पत्रे येऊ लागतात: युद्धकाळात जवान पलटण सोडून गेला तर दोष कुणाचा? त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे मुख्यतः सेना अधिनियम १९५० वर आधारलेली आहेत. नौदल आणि हवाई दलाचे कायदे वेगळे आहेत.

प्रश्न : मुलगा सुट्टीवर होता. परत जायला चार दिवस उशीर झाला आणि गावात लोक त्याला ‘भगोडा’ म्हणू लागले. कायद्यानेही तो भगोडा ठरतो का? (सातारा जिल्हा)

नाही. कायद्यात दोन वेगळे गुन्हे आहेत. कलम ३९ विनापरवानगी गैरहजेरीचे, त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे कैद. सबळ कारणाशिवाय सुट्टीहून उशिरा येणे, ज्याला पलटणीत ‘ओएसएल’ म्हणतात, तेही याच कलमात येते. कलम ३८ पलायनाचे. प्रत्यक्ष मोहिमेवर असताना किंवा मोहिमेवर जाण्याचा हुकूम मिळाल्यावर पलायन केले तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते, एरवी सात वर्षांपर्यंत कैद.

फरक इराद्याचा आहे. परत यायचेच नाही, किंवा ठरावीक महत्त्वाची कामगिरी चुकवायची, असा हेतू असेल तर ते पलायन. सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये एका कॅप्टनच्या प्रकरणात हा भेद स्पष्ट केला. हेतू मनातला असतो, म्हणून न्यायालय बाहेरच्या खुणा पाहते: ओळखपत्र आणि वर्दी कुठे आहे, दुसऱ्या नावाने नोकरी धरली का, पलटणीला फोन किंवा पत्र गेले का, तुकडी हलणार हे त्याला ठाऊक होते का, तो स्वतः हजर झाला की पकडला गेला. नुसते दिवस मोजून हेतू सिद्ध होत नाही. पलायनाचा आरोप टिकला नाही तर त्याच खटल्यात कलम १३९ प्रमाणे गैरहजेरीचा दोष देता येतो.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी पक्की लक्षात ठेवावी. सुट्टी शिल्लक असतानाच पलटण मोहिमेवर निघाल्याचा अधिकृत निरोप आला, तर उरलेली सुट्टी सोडून ताबडतोब हजर व्हावे लागते. ‘अजून आठ दिवस बाकी होते’ हे उत्तर तिथे चालत नाही. जवान खरोखर आजारी असेल तर जवळच्या लष्करी रुग्णालयात न्यावे. ते दूर असेल तर सरकारी रुग्णालयात दाखल करून त्याच दिवशी पलटणीला कळवावे आणि कळवल्याचा पुरावा ठेवावा. परत गेल्यावर दाखवलेले, मागची तारीख घातलेले खासगी डॉक्टरचे प्रमाणपत्र सहसा उपयोगाचे ठरत नाही, उलट संशय वाढवते.

प्रश्न : जवानाला फरारी ठरवतो कोण, आणि त्यात चूक झाली तर? (कोल्हापूर)

जवान नाहीसा झाला की कमांडिंग ऑफिसरने मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते (कलम १०५). यालाच ‘ॲप्रिहेन्शन रोल’ म्हणतात. तो जिल्ह्याच्या पोलिसांकडे पोचतो आणि मग पोलिस घरी येतात. पोलिसांना अशा माणसाला वॉरंटशिवाय अटक करता येते.

गैरहजेरीचे तीस दिवस भरले की कलम १०६ प्रमाणे कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवावी लागते. ती शपथेवर साक्षी घेते, जवान परवानगी किंवा पुरेशा कारणाशिवाय गेला का ते पाहते आणि शस्त्र, काडतुसे, कपडे यांतले काय कमी आहे ते नोंदवते. निष्कर्ष पलटणीच्या कोर्ट मार्शल बुकात चढतो. त्यानंतर तो हजर झाला नाही किंवा सापडला नाही, तर त्याला फरारी ‘मानले’ जाते. मानले जाते, सिद्ध झालेले नसते. शिक्षा द्यायची तर कोर्ट मार्शलपुढे इराद्याचा पुरावा लागतोच.

युद्धक्षेत्रात घोटाळा होतो तो इथेच. माणूस दिसत नाही याचे कारण पलायन असू शकते, तसाच बर्फाखाली मृत्यू, दरीत पडणे किंवा शत्रूची कैद हेही असू शकते. १९९९ मध्ये कारगिल भागातून बेपत्ता झालेल्या, मेरठ जिल्ह्यातल्या एका सॅपरला (इंजिनिअर दलातल्या जवानाला) लष्कराने आधी फरारी ठरवले होते. प्रत्यक्षात तो पाकिस्तानच्या कैदेत होता. ऑगस्ट २००४ मध्ये सुटून गावी आला तेव्हा त्याच्या पत्नीचे दुसरे लग्न झालेले होते. ‘फरारी’ हा शिक्का पगार थांबवतो, घरच्यांना मिळायच्या सवलती अडवतो आणि गावात मान खाली घालायला लावतो. त्या घराने काय सोसले असेल याचा हिशेब कुठल्याही नोंदवहीत नाही. म्हणून आमचे ठाम मत आहे की चकमकीच्या किंवा गस्तीच्या भागातून माणूस नाहीसा झाला असेल तर त्याला शेवटचे कुणी, कुठे, किती वाजता पाहिले याच्या साक्षी घेतल्याशिवाय चौकशी मिटवणे हा त्या जवानावर अन्याय आहे, आणि त्याची जबाबदारी चौकशी करणाऱ्यांची आहे.

कुटुंबाने हातावर हात धरून बसू नये. माणूस हरवल्याची तक्रार गावच्या पोलिस ठाण्यात द्यावी आणि प्रत घ्यावी. त्याचे शेवटचे पत्र, फोनच्या नोंदी, बँकेच्या खात्यातला शेवटचा व्यवहार यांसह कमांडिंग ऑफिसर आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) या दोघांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने अर्ज करावा, चौकशीचा निष्कर्ष मागावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते.

प्रश्न : घरी आलेल्या मुलाला आईने जेवू घातले तर तीही गुन्हेगार? (बीड)

कठोर वाटेल, पण होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ प्रमाणे, पळून आलेला आहे हे ठाऊक असताना त्याला आसरा देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आसऱ्यात अन्न, पैसे, कपडे, प्रवासाची सोय हे सगळे येते. सूट फक्त जोडीदाराला आहे. जुन्या दंड संहितेत ती केवळ पत्नीला होती. आई, वडील, भाऊ यांना ती तेव्हाही नव्हती, आजही नाही. आम्हाला ही तरतूद आईच्या बाबतीत निर्दय वाटते, पण ती आहे हे माहीत असलेले बरे.

मार्ग एकच: त्याला समजावून परत न्या. पोलिसांची वाट पाहू नका. स्वतःची पलटण दूर असेल तर जवळच्या लष्करी छावणीत हजर करा. ओळखपत्र, वर्दी आणि वैद्यकीय कागद बरोबर द्या. हजर झाल्याची तारीख आणि वेळ लेखी मागून घ्या. ‘स्वतः हजर झाला’ आणि ‘पकडून आणला’ यांतला फरक शिक्षा ठरवताना फार मोठा असतो.

पलटणीतल्या सोबत्यांवरची जबाबदारी याहून स्पष्ट आहे. कुणी पळाला किंवा पळण्याच्या प्रयत्नात आहे हे ठाऊक असून वरिष्ठांना लगेच न कळवणाऱ्या जवानाला दोन वर्षांपर्यंत, आणि जाणूनबुजून आसरा देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : अपुरी तयारी, रजा नाही, शस्त्रे कमी. अशा तुकडीतून जवान गेले तर दोष त्यांचाच का? (पुणे)

एकेका जवानाचा खटला त्याच्या कृत्यावरच चालतो. अधिकारी वाईट होता म्हणून पलायन माफ होत नाही, फार तर शिक्षा कमी होते. पण एक माणूस जातो तेव्हा कारण बहुधा त्याच्या घरात किंवा मनात असते. शेकडो जातात तेव्हा ते वरच्या अधिकाऱ्यांकडे शोधावे लागते.

युक्रेनच्या १५५ व्या ब्रिगेडचे उदाहरण ताजे आहे. २०२४ मध्ये उभारलेल्या या ब्रिगेडच्या काही भागाला फ्रान्समध्ये प्रशिक्षण मिळाले होते. पूर्व युक्रेनमधल्या पोक्रोव्स्कच्या आघाडीवर नीट उतरण्याआधीच शेकडो सैनिक निघून गेले. तयार होत असलेल्या या ब्रिगेडमधली माणसे काढून दुसऱ्या तुकड्यांना दिली जात होती, आणि ड्रोनसारखी साधने अपुरी होती. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिगेडच्या माजी प्रमुखाला अटक झाली. आरोप होता, हाताखालचे लोक निघून गेल्याचे वर न कळवल्याचा. म्हणजे कायद्याने अधिकाऱ्याला गाठले ते लपवाछपवीवरून. तुकडी कच्ची ठेवणाऱ्या निर्णयांचा जाब मागणे याहून कितीतरी अवघड असते. त्याच देशाने २०२४ मध्ये कायदा बदलून पहिल्या वेळी निघून गेलेल्यांना परत येण्याची वाट मोकळी केली, कारण तुरुंगातला सैनिक खंदकात उपयोगी पडत नाही.

जुने उदाहरण ब्रिटनचे. पहिल्या महायुद्धात पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना तिथल्या सरकारने २००६ मध्ये कायदा करून माफी दिली. त्यांतल्या अनेकांची मने तोफांच्या माऱ्याने खचली होती. तेव्हाच्या झटपट खटल्यांत वैद्यकीय तपासणीला फारशी जागा नव्हती. आपल्याकडे जनरल कोर्ट मार्शलमध्ये मृत्युदंडाला किमान दोन तृतीयांश सदस्यांचे मत लागते आणि समरी जनरल कोर्ट मार्शलमध्ये सर्वांचे. आरोपीने मानसिक तपासणीची मागणी सुरुवातीलाच लेखी करावी. निकालानंतर ती मागणी फार दुबळी होते.

प्रश्न : किती वर्षांनी गुन्हा बाद होतो? (नागपूर)

इतर बहुतेक लष्करी गुन्ह्यांना तीन वर्षांची मुदत आहे, पलायनाला नाही. एकच अपवाद आहे: पलायन मोहिमेवरचे नसेल, आणि अधिकारी नसलेल्या त्या जवानाने नंतर सैन्यात सलग तीन वर्षे आदर्श सेवा केली असेल, तर खटला चालत नाही. मोहिमेवरून पळालेल्याला ही सवलत मिळत नाही.