एका दिवसात फ्लोरिडा कीज

प्रश्न: डिसेंबरात मुलीकडे मायामीला चाललोय. एक दिवस मोकळा आहे, जावई म्हणतात सकाळी कार काढू, थेट फ्लोरिडा कीज या बेटांच्या रांगेच्या टोकाचं ‘की वेस्ट’ गाठू आणि रात्री परत. सोबत सात आणि दहा वर्षांची नातवंडं. जमेल का?

उत्तर: जमेल हो, पण अख्खा दिवस गाडीतच जाईल. मायामी ते की वेस्ट साधारण 260 किलोमीटर, जायलाच साडेतीन-चार तास, त्यात बराचसा रस्ता एक लेन जायची नि एक यायची असा, म्हणजे सुट्टीत पुढे कुठे अपघात झाला की सगळे लटकले. माझं ऐकाल तर वाटेतल्या बाहिया होंडा या बीच असलेल्या पार्कहून मागे फिरा, दीड-दोन तास सहज वाचतील.

आणि सकाळी आधी तिथेच जा, वाटेत थांबे नंतर. कीजमध्ये बीच फार कमी, कारण बाहेरचा प्रवाळाचा पट्टाच लाटा अडवतो मग वाळू साठणार कशी, त्यामुळे जो काही चांगला बीच आहे तिथे सगळी गर्दी आणि पार्क भरलं की गेट काही वेळ बंद करतात. तिथला जुना पूल मुलांना दाखवाच. उद्योगपती हेन्री फ्लॅगलरची रेल्वे 1912 मध्ये की वेस्टला पोचली, 1935 च्या चक्रीवादळात लाईन उखडली, मग तेच पूल घेऊन 1938 मध्ये हायवे झाला. इथला लोखंडी सांगाडा आतून दोन गाड्यांना अरुंद, म्हणून पठ्ठ्यांनी रस्ता चक्क त्याच्या डोक्यावर बांधला! अजून दिसतो तसा.

सेव्हन माईल ब्रिज जाता-येता लागतोच. परतताना मॅरेथॉनला जेवा, आणि वेळ उरला तर की लार्गोला पेनेकॅम्प पार्कमध्ये काचेच्या तळाची बोट आहे, पोहता न येणाऱ्यांनाही प्रवाळ दिसतात. वारा जास्त असला तर बोट सुटत नाही, आधी फोन करून विचारा. पत्ते मात्र माईल मार्करवर, म्हणजे रस्त्याकडेच्या मैलांच्या पाट्यांवर चालतात, शून्य की वेस्टला, बाहिया होंडा 37, पेनेकॅम्प 102 च्या जवळ.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आतच मावळतो, तेव्हा बोटीची अगदी शेवटची फेरी धरू नका. आणि जावयांना ‘क्यूबा 90 मैल’ लिहिलेल्या त्या खांबापाशी फोटो हवाच असेल तर की वेस्टला एक रात्र मुक्काम करा, मुलांना नका ताणू.