वर्ग सोडताना वही देऊन जा

जत तालुक्यात नेमणूक झाली, तिसरी मिळाली, छान झालं. पण हा वर्ग वर्षभर तुझाच राहील असं धरून चालू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात प्राथमिकला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ला तीन. पट हलला की पद हलतं आणि वर्गवाटप पुन्हा होतं.

एका वर्षी दिवाळीनंतर मला चौथीतून दुसरीत पाठवलं. चौथीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत रोज माझ्या दाराशी येऊन उभी राहायची. घरी कन्नड बोलणारी. मराठीत उत्तर द्यायला तिला वेळ लागतो, हे फक्त मला ठाऊक होतं. नव्या बाईंना वाटलं, हिला येतच नाही. ती महिनाभर गप्प झाली. मी सांगायला हवं होतं, आजही ते टोचतं.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून वही ठेव, मुलामागे एक पान. गुण नकोत, ते प्रगतिपुस्तकात असतात. घरची भाषा, कोणाशेजारी बसलं की बोलतं, आईबाप ऊसतोडीला गेले की आजीकडे राहतं की हंगामी वसतिगृहात, फळा नीट दिसतो का. वर्ग सोडताना ती वही पुढच्या बाईंच्या हातात दे, अर्धा तास बसून बोल. मुलांनाही तूच आधी सांग. परिपाठाला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर ती रुसतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

नवा वर्ग घेतलास तर जुन्या बाईंची गाणी, बसायच्या जागा पंधरा दिवस तशाच ठेव.